कार्डाची पाठ भिंतीला नको

शिरोळ तालुक्यातील जुन्या घरांच्या सोप्यात, खुंटीवरच्या पटक्याशेजारी आणि पंचांगाच्या जरा खाली, जाड लोखंडी तारेचा एक आकडा हमखास टांगलेला असे. तळाशी लाकडाची वाटोळी चकती आणि वर वळवून अणकुचीदार केलेले टोक. पोस्टमन कार्ड देऊन गेला, घरातल्या लिहित्यावाचत्या मुलाने ते मोठ्याने वाचून दाखविले आणि उत्तरी काय धाडावयाचे याचा खल आटोपला, म्हणजे ते कार्ड त्या टोकात टोचले जाई आणि पूर्वी आलेल्या कार्डांच्या डोक्यावर जाऊन बसे. हा खटाटोप शोभेसाठी कोणी करीत नव्हते; त्यामागे कारकुनी शिस्त होती, आणि ती बहुधा मामलेदार कचेरीतून किंवा सावकाराच्या पेढीवरून घरात उतरली असावी. तथापि कार्डे घरात कशी मांडावीत, या प्रश्नाला आपल्या मुलखाने दिलेले ते सर्वांत प्रामाणिक उत्तर होते, असे माझे मत आहे.

हा प्रश्न पुनश्च उपस्थित होण्याचे कारण असे की, माळ्यावरच्या ट्रंकांतून आणि फडताळांच्या तळकप्प्यांतून जुनी कार्डे बाहेर काढून ती दिवाणखान्यात लावण्याची हौस अलीकडे आपल्या जयसिंगपूर-इचलकरंजीकडच्या नव्या घरांतही दिसू लागली आहे. कोणी विजेच्या दिव्यांच्या माळेला लाकडी चिमट्यांनी कार्डे लटकवितो, कोणी एकाच मोठ्या चौकटीत ती दाटीवाटीने चिकटवून तिला कलाकृती म्हणतो, तर कोणी जिन्याच्या भिंतीवर चढत्या क्रमाने त्यांची नक्षी काढतो. जे कागद कालपरवापर्यंत बंब पेटविण्याच्या कामी येत होते ते आज मानाच्या जागी जाऊन बसत आहेत, ही गोष्ट स्तुत्यच म्हटली पाहिजे. परंतु या साऱ्या युक्त्यांत एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते, ती अशी की, कार्डाला पाहण्याजोगी बाजू एकच असते आणि दुसरीने मुकाट्याने भिंतीकडे तोंड करून उभे राहावयाचे असते. माझी हरकत आहे ती या गृहीताला.

कार्डाचा पूर्वेतिहास पाहिला तर ही हरकत वावगी वाटणार नाही. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या टपालखात्याने १ ऑक्टोबर १८६९ रोजी जगातले पहिले कार्ड विक्रीस काढले, तेव्हा त्यावर चित्र नव्हते. होती ती निव्वळ काटकसर. हिंदुस्थानात ते १ जुलै १८७९ रोजी अवतरले: लंडनच्या डी ला रू यांच्या छापखान्यात छापलेले, कोपऱ्यात व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा मिरविणारे आणि किमतीला पाव आणा. पाकिटाला अर्धा आणा पडत असता त्याच्या निम्म्यात जो मजकूर देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊ लागला, त्याच्या मोबदल्यात पत्रलेखकाने एवढेच सोडावयाचे होते की, आपला मजकूर उघडा राहील, तो पोस्टमास्तर वाचील, पोस्टमन वाचील आणि पोस्टमनच्या मागोमाग ओट्यावर बसलेला शेजारीही वाचील. कार्ड लिहिणारा मनुष्य हे जाणून लिहीत असे. म्हणूनच आजोबांचे कार्ड बैठकीत लावणे म्हणजे त्यांच्या खाजगी गोष्टींचा बोभाटा करणे होय, असा संकोच ज्यांना वाटतो त्यांनी तो बाळगू नये. आजोबांनी जे झाकून ठेवावयाचे होते ते पाकिटात घातले असेल, आणि पाकिटे लावावीत असे मी म्हणत नाही. लेखक हयात असेल तर मात्र त्याला विचारावे, हे उघड आहे.

आता जी बाजू भिंतीकडे वळविली जाते ती कोणती? चित्र नसलेल्या साध्या सरकारी कार्डाची बहुधा पत्त्याची. कारण अक्षर सुबक आहे म्हणून मजकूर समोर येतो आणि पत्ता मागे जातो. शिरोळ तालुक्यापुरते बोलावयाचे तर यासारखी दुसरी चूक नाही. आज जो एक तालुका आहे, तो संस्थानी अमदानीत एका सत्तेखाली नव्हता. शिरोळला येणाऱ्या कार्डावर करवीर इलाख्याचा उल्लेख असावयाचा, आणि तेथून काही मैलांवर असलेल्या कुरुंदवाडच्या कार्डावर पटवर्धनांच्या संस्थानाचा, तोही थोरली पाती की धाकटी पाती या तपशिलासह. पटवर्धनी संस्थाने ८ मार्च १९४८ रोजी मुंबई इलाख्यात विलीन झाली आणि कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी. त्यानंतरच दोन्ही गावांच्या पत्त्यांत ‘जि. कोल्हापूर’ ही अक्षरे एका पंक्तीला आली. नदीपलीकडच्या सोयऱ्यांचे पाहा: चिकोडीकडच्या मामाने आपले घर कधी हलविले नाही, जिल्हाही बेळगावच राहिला, पण १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्याचे राज्य बदलले, आणि त्यापुढे काही वर्षांनी त्याच्या नातवाने धाडलेल्या कार्डात नमस्कार मराठीत व पत्ता कानडीत असा प्रकार दिसू लागला. १५ ऑगस्ट १९७२ नंतर सहा आकड्यांचा पिनकोड आला आणि ‘मु. पो. ता. जि.’ या चार अक्षरांच्या साखळीला आकड्यांचे शेपूट फुटले. तिकिटाच्या जागी राणी गेली, राजे आले, राजे गेले आणि पुढे पंधरा पैशांच्या कार्डावर वाघ आला. २००२ साली निघालेल्या पंचवीस पैशांच्या मेघदूत कार्डावर तर पत्त्याच्या डावीकडची जागा चक्क जाहिरातीला दिली गेली. म्हणजे एखाद्या घरी शंभर वर्षांची कार्डे असतील, तर त्यांच्या केवळ पत्त्याच्या बाजू क्रमाने लावल्या तरी तालुक्याचा राजकीय इतिहास, शिक्क्यांच्या तारखांसह, पोराबाळांना वाचता येईल. शाळेच्या पुस्तकात तो असा मिळत नाही.

मजकुराच्या बाजूचीही स्थिती अशीच आहे, कारण तीसुद्धा स्थिर चौकटीत नीट वाचता येत नाही. पाव आण्यात जास्तीत जास्त लिहून घ्यावयाचे, या हिशेबाने मनुष्य आधी आडवा लिही, जागा संपली की कार्ड फिरवून डाव्या समासात उभा लिही, आणि मग वरच्या ‘॥ श्री ॥’च्या आजूबाजूला उलट्या अक्षरांत ‘ता. क.’ घालून ऊस तुटला की नाही, म्हैस व्याली की नाही, धाकटीच्या स्थळाचे काय झाले, हे विचारून घेई. वास्तविक पत्राचा जीव बहुधा त्या ताज्या कलमातच असतो. वरचा ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ हा शिष्टाचार, मधला ‘इकडील सर्व क्षेम’ हा रिवाज, आणि खरी निकड समासात. असे कार्ड काचेआड खिळवून ठेवले, तर वाचणाऱ्याला आपली मान त्या कार्डाऐवजी फिरवावी लागते, आणि घरी आलेले पाहुणे, विशेषतः वयस्कर पाहुणे, हा व्यायाम करीत नाहीत. ते लांबून पाहतात, ‘वा, छान’ म्हणतात आणि चहाकडे वळतात.

येथे एक गोष्ट नोंदवून ठेवावीशी वाटते, कारण मांडणी करणाऱ्यांच्या ती लक्षात येत नाही. आपल्याकडे मृत्यूची वार्ता देणारे कार्ड घरात ठेवीत नसत. त्याचा कोपरा फाडलेला असे, माथ्यावर ‘श्री’ नसे, आणि ते उंबऱ्याबाहेरच वाचून तेथेच फाडून टाकण्याची वहिवाट होती. उलट लग्नामुंजीच्या कार्डाला हळदीकुंकवाचे बोट लागे व ते तारेत मानाने राही. परिणामी महाराष्ट्रातल्या कोणत्याही घराचा कार्डांचा संग्रह घेतला, तर त्यात जन्म आहेत, बारशी आहेत, विवाह आहेत, कर्जे आहेत, पिके आहेत, परीक्षांचे निकाल आहेत, आणि मरण मात्र नाही. एखाद्या आत्याची कार्डे दर महिन्याला येतात, येतात आणि एका तारखेनंतर येत नाहीत, एवढेच काय ते कळते. कार्डे रंग जुळवून किंवा अक्षराच्या सौंदर्यावरून लावली, तर ही खंडित झालेली रांग दिसेनाशी होते. म्हणून माझा आग्रह असा की, मांडणी करावयाची ती माणसांप्रमाणे करावी, आणि प्रत्येक माणसाची कार्डे तारखेप्रमाणे लावावीत. शिक्क्यावरची तारीख वाचता येत नसेल तर मजकुरातील मिती पाहावी. जुन्या पिढीने मिती सहसा टाकली नाही.

चित्रकार्डांचा प्रकार निराळा, असे कोणी म्हणेल. तो थोडासाच निराळा आहे. चित्रकार्डांच्या बाबतीत आपल्या जिल्ह्याला अभिमान वाटावा असे एक नाव आहे: कोल्हापुरात १८ मार्च १८६७ रोजी जन्मलेले आणि पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत नावारूपाला आलेले रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर. तैलरंगातील पौराणिक व ऐतिहासिक चित्रांसाठी ते विख्यात आहेत. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी मुंबईच्या रस्त्यांवरील नाना पेशांची माणसे, त्यांचे पोशाख, त्यांच्या लकबी आणि त्यांच्या फजित्या कार्डांवर उतरविल्या, आणि आज संग्राहक ती कार्डे आवर्जून शोधीत असतात. १८९४ साली गिरगावात सुरू होऊन नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या रविवर्म्याच्या छापखान्यानेही देवदेवतांची व स्त्रियांची कार्डे काढली. अशी कार्डे चौकटीत घालून तसबिरीप्रमाणे लावण्याचा मोह कोणालाही होईल, आणि मी त्याला सरसकट नको म्हणणार नाही. मात्र ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, कार्डाची एक बाजू उभी दुभागून अर्ध्यात पत्ता व अर्ध्यात मजकूर लिहिण्याची मुभा खुद्द इंग्लंडातही १९०२ साली मिळाली. त्यापूर्वी ती सबंध बाजू पत्त्याची असल्यामुळे लोकांना चित्राच्या कडेला, आकाशात, समुद्रात, जेथे मोकळी जागा सापडेल तेथे लिहावे लागे. चित्रावर शाई सांडली आहे म्हणून जे कार्ड आपण बाजूला काढतो, ते कदाचित संग्रहातील सर्वांत जुने असेल. (जाता जाता एक गाऱ्हाणे. ज्या तालुक्यात खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर आहे, अठ्ठेचाळीस खांबांचा आणि माथ्यावर आकाशाला उघडा असा स्वर्गमंडप आहे, त्या तालुक्यात पाहुण्याला धाडण्याजोगे त्या मंडपाचे एक चांगले छापील कार्ड मला नरसोबाच्या वाडीच्या बाजारात मिळालेले नाही. पेढे, बासुंदी आणि कवठाची बर्फी मुबलक मिळते.)

मांडणीच्या प्रत्यक्ष तऱ्हांकडे वळावयाचे तर प्रथम हवापाण्याचा विचार केला पाहिजे, आणि आपल्याकडे पाण्याचा अर्थ शब्दशः घ्यावयाचा. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या नद्यांच्या कुशीतला हा तालुका. २००५, २०१९ आणि २०२१ या सालांच्या महापुरांत येथील कित्येक घरांतून जे वाहून गेले त्याच्या पंचनाम्यात भांडी होती, धान्य होते, जनावरे होती, कागदाचा रकाना मात्र नव्हता. जुन्या अक्षरांचे पाण्यात काय होते हे येथे पुष्कळांनी पाहिले आहे: बॉलपेनचे अक्षर बव्हंशी तगते, टाकाची व फाउंटनपेनची निळी शाई पसरते, आणि कॉपिंग पेन्सिलीने लिहिलेले कार्ड भिजताच जांभळे होऊन बसते. नरसोबाच्या वाडीला पाणी उत्तरद्वाराने देवळात शिरून पादुकांवरून दक्षिणद्वाराने बाहेर पडू लागले म्हणजे भाविक स्नानाला धावतात. परंतु त्याच पुरात देवाची उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेऊन ठेवण्याची व्यवस्थाही पुजाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेली आहे. ज्याला जागा सोडता येते तेच टिकते, हा व्यवहार कार्डांनाही लागू करावा. भिंतीवर खळ लावून चिकटविलेली, जिन्याभर खिळ्यांनी ठोकलेली मांडणी पुराच्या रात्री उचलता येत नाही. जी एका हाताने काखोटीला मारून गच्चीवर नेता येईल, तीच शिरोळमध्ये मांडणी म्हणावी. पुण्यामुंबईच्या गृहसजावटीचे नियम येथे चालणार नाहीत.

टेबलाच्या काचेखाली कार्डे सरकवून ठेवण्याची आपली जुनी पद्धत मला मनापासून आवडते, कारण तीत आपुलकी आहे आणि कार्ड केव्हाही काढता येते. पण पावसाळ्यात काच आणि कागद यांच्यामध्ये ओल धरते, शाई काचेला चिकटते, आणि पुढे काच उचलली म्हणजे अर्धे अक्षर तिच्याबरोबर वर येते. काचेखाली लावावयाचेच असेल तर काच व कार्ड यांच्यामध्ये पुठ्ठ्याच्या पट्टीचे अंतर राखावे. चौकटीलाही हाच नियम. चौकट करून देणाऱ्याला स्पष्ट बजावावे की, डिंक नको, फेव्हिकॉल नको, चिकटपट्टी तर मुळीच नको. जुन्या अल्बमांत फोटो अडकविण्यासाठी जे कागदी कोपरे वापरीत, त्यांत कार्ड बसवावे, म्हणजे ते पुन्हा सुटू शकते. चौकट पावसाचा मारा खाणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर न लावता आतल्या भिंतीवर, उन्हापासून दूर लावावी, आणि तिच्या पाठीमागे खालच्या दोन्ही टोकांना बुचाचे तुकडे डकवावेत, म्हणजे मागून हवा खेळते आणि कसर लागण्याची भीती कमी होते. प्लॅस्टिकच्या वितळत्या आवरणात कार्ड कायमचे बंद करून घेण्याची जी टूम निघाली आहे, तिच्याविषयी मी एवढेच म्हणेन की, ते कार्ड पुन्हा कधी बाहेर काढता येत नाही.

तर मग दोन्ही बाजू दिसाव्यात, कार्ड फिरविता यावे, क्रम राहावा, आणि पूर आल्यास उचलता यावे, या चारही अटी पाळणारी मांडणी कोणती? मला दोन सुचतात. पहिली म्हणजे बिजागरीची चौकट: दोन काचांमध्ये, कोपऱ्यांच्या आधाराने, दोनतीन कार्डे, आणि ती चौकट भिंतीला सपाट न लावता कोनाड्याच्या किंवा फडताळाच्या कडेला छोट्या दारासारखी बसवावयाची, म्हणजे येणाराजाणारा बोटाने ती उघडतो, मागची बाजू वाचतो आणि लोटून देतो. जुन्या घरातल्या देवळीला असे काचेचे दार किती शोभते हे एकदा करून पाहिल्याशिवाय कळणार नाही. बिजागरीचा खिळा सहज निघेल असा ठेवावा, पुराच्या दृष्टीने.

दुसरी, आणि माझ्या मते अधिक चांगली, म्हणजे पेटी. सरकारी कार्डाचे माप चौदा सेंटिमीटर लांब व नऊ सेंटिमीटर रुंद असे ठरलेले आहे, त्यामुळे सुताराला माप सांगणे सोपे जाते. वाचनालयांनी मोडीत काढलेले सूचीकार्डांचे सुबक लाकडी खण काही हौशी लोक यासाठी विकत घेतात. त्यांना सावध केले पाहिजे, कारण सूचीकार्ड साडेबारा सेंटिमीटर बाय साडेसात असते, आणि त्या खणात आपले कार्ड मावत नाही. तेव्हा सागवानाची किंवा साध्या लाकडाची पेटी करवून घ्यावी, तिच्यात माणसांच्या नावांचे जाड पुठ्ठ्याचे पडदे घालावेत, आणि झाकणाच्या माथ्यावर एक खाच पाडावी, जिच्यात एक कार्ड उभे राहील. खाचेतले कार्ड आठवड्याला बदलावे. दिवाळीत दिवाळीचे, सुगीत सुगीचे, आणि ज्या महिन्यात जे पूर्वी आले ते त्या महिन्यात. पेटी बैठकीतल्या मेजावर हाताशी असावी आणि पाहुण्यांना ती चाळण्याची मोकळीक असावी. कागद हाताळल्याने मळतो हे खरे. पण कुलपात ठेवलेला कागद कसरीला मिळतो, आणि चाळला जाणारा कागद निदान वेळोवेळी कोणाच्या तरी डोळ्यांखालून जातो. तारेत टोचल्यामुळे कार्डांच्या मध्यावर जी भोके पडली आहेत ती बुजवू नयेत. कार्डे विस्कटली असतील तर भोकांच्या जागा जुळवून त्यांचा जुना क्रम पुष्कळदा लावता येतो, आणि कोणती कार्डे तारेवर गेली व कोणती कोणी तरी उशीखाली ठेवून घेतली, हेही भोकांवरून कळते.

राहता राहिला मालकीचा प्रश्न. सातबारा दुभंगतो, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरतात, वाड्याच्या भिंती वाटणीपत्रात फुटाफुटाने उतरतात, पण कार्डांचा उल्लेख कोणत्याही वाटणीपत्रात मी वाचलेला नाही. ती ज्याच्या वाट्याला माळा आला त्याच्याकडे राहतात, आणि बाकीच्यांना त्यांचा विसर पडतो किंवा, त्याहून वाईट, तीस वर्षांनी आठवण होते. कार्डे भावाभावांत वाटून घेऊ नयेत, कारण आत्याची निम्मी कार्डे कोल्हापुरात आणि निम्मी पिंपरीत गेली म्हणजे दोन्हीकडे अर्थ उरत नाही. देवस्थानांच्या पूजेची जशी घराण्याघराण्यांत पाळी असते, तशी पेटीचीही पाळी ठेवावी: एक दसरा ते दुसरा दसरा एका घरी, पुढचे वर्ष दुसऱ्या घरी. दोन्ही बाजूंच्या छायाप्रती सर्वांनी आपापल्या संगणकात अवश्य ठेवाव्यात. अस्सल फिरते राहावे. झाकणाच्या आतल्या अंगाला कार्डांची फेरिस्त डकवून घ्यावी, पाळी बदलताना घेणाऱ्याने व देणाऱ्याने कार्डे मोजून खाली सही-तारीख घालावी, आणि शेजारच्या गावापासून अमेरिकेपर्यंत कोणाकडेही पेटी गेली तरी परत येण्याचा खर्च तीच पाळी उपभोगणाऱ्याने सोसावा. उसाच्या बांधावरून कोर्टापर्यंत जाणाऱ्या मुलखात एवढा लेखी बंदोबस्त जास्त म्हणता येणार नाही.